आमच्या विहिरीचं गोड पाणी

कर्जतला फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याला आता सहा वर्षं होतील. पहिल्याच आठवड्यात माझं आणि तिथल्या नळाचं बिनसलं. साबण कितीही घासला तरी फेस यायचा नाही, बादलीत नुसता पांढरा साका तरंगायचा. माहेरी तीन शिट्ट्यांत मऊ होणारी तूरडाळ इथं सात शिट्ट्या झाल्या तरी दाण्याला दाणा राहायची. चहावर तवंग यायचा. स्टीलची ताटं धुऊन पालथी घातली की वाळल्यावर त्यांच्यावर पांढरे ठिपके उमटायचे, आणि मी ते फडक्यानं पुसत बसायची. शॉवरची भोकं दर महिन्याला बुजायची, ती टाचणीनं मोकळी करायची. नवरा म्हणायचा, सगळी बिल्डिंग हेच पाणी वापरते, कुणी मेलं नाही. त्याचं खरंच होतं. पण मला स्वस्थ बसता येत नाही, हा माझा जुना दोष आहे.

त्यातून माझं काम असं, की या दोषाला खतपाणीच मिळावं. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. प्रॅक्टिकलच्या आधी द्रावणं करून ठेवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, परीक्षा झाली की काचेचं सामान धुऊन लावायचं. पाण्याची कठीणता मोजण्याचा प्रयोग दरवर्षी होतोच. एक दिवस घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून मी कॉलेजात नेलं आणि मुलं गेल्यावर एकटीच ब्युरेट लावून बसले. थेंब थेंब सोडत गेले तरी शंकुपात्रातला लाल रंग काही निळा होईना. अखेर झाला तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. म्हणजे माझी तक्रार मनाची नव्हती.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. नगरपरिषदेचं पाणी सकाळी तासभर येतं. तेवढ्यात आमची टाकी भरत नाही, म्हणून सोसायटी बोअरवेलचं पाणी त्याच टाकीत सोडते. मी सेक्रेटरींकडे गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी मी आकडे लिहून नेलेला कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, बोअर बंद केली तर दुपारी नळ कोरडा पडेल आणि पहिल्या तुम्हीच खाली याल. मग मला बसायला सांगून त्यांच्या बायकोनं चहा दिला. त्यावरही तवंग होता.

माझं माहेर खालापूर तालुक्यात, चौकच्या पुढं मोठा रस्ता सोडून आत गेलं की टेकडीच्या पायथ्याशी. पाच घरांची आमची आळी, समोर भाताची खाचरं आणि मागं आमची विहीर. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा तिथं एकटेच राहतात, अजून भात लावतात, स्वतःची भाकरी स्वतः थापतात. आम्ही कर्जतला आलो त्या महिन्यात ते घर बघायला आले. मी तांब्या दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि थुंकायचं कसं म्हणून तसाच गिळून टाकला.

"बाय, पानी जड हाय गं," ते म्हणाले. "पोटात बसून ऱ्हातंय."

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले, ते दोन कॅन घेऊन. वीस वीस लिटरचे, धुऊन लख्ख केलेले, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून घट्ट केलेले. चौकहून कर्जतला भाजीचा टेंपो येतो, त्याच्या ड्रायव्हरशी त्यांनी बोलणं केलं होतं. त्या पाण्यानं मी त्याच दिवशी डाळ लावली. तीन शिट्ट्या. मला रडायला आलं, आणि डाळीसाठी रडायला येतं म्हणून हसूही आलं.

तेव्हापासून दर शनिवारी बाबा यायचे. लिफ्ट चालू असली तरी कॅन खांद्यावर घेऊन जिना चढायचे, कारण लिफ्टमध्ये पाणी सांडलं तर लोक बोलतील असं त्यांना वाटायचं. कॅन ठेवले की जेवायचे, नातीशी खेळायचे, रिकामे कॅन घेऊन दुपारच्या टेंपोनं परत जायचे. आई गेल्यानंतर ते कुणाकडं जायचे नाहीत. माझ्याकडं नुसतं भेटायला या म्हटलं तर कधी आले नसते. पाणी द्यायला मात्र यायचे. पावसात, उन्हात, लावणीच्या दिवसांतसुद्धा.

मी घरात दोन पाण्यांची शिस्त लावली. आंघोळ, कपडे, भांडी नळाच्या पाण्यानं. पिणं आणि स्वयंपाक विहिरीच्या. नळाचं पाणी तोंडात जाऊ नये यासाठी मी मुलीला दात घासायलाही वेगळा तांब्या द्यायची. भाजी नळाखाली धुतली तर पुन्हा एकदा विहिरीच्या पाण्यातून काढायची. माझ्या हाताखाली वाढल्यामुळं मुलगी पाहुण्यांना सांगायची, "ते नको, ते खडूचं पाणी आहे. आजोबांचं घ्या."

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिचं पोट बिघडलं. तेव्हा ती सात वर्षांची होती. जुलैत एकदा झालं, औषधानं थांबलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा, आणि या वेळी जुलाबांबरोबर तापही आला. तिच्या गालांची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून होत असावं, पाणी उकळून द्या आणि भरपूर द्या. मी मान हलवली आणि मनात म्हणाले, बघा, मी काय सांगत होते.

घरी येऊन मी नळाचं सगळं पाणी उकळायला सुरुवात केली. तिच्या आंघोळीचं, तिची ताटली धुवायचं, फरशी पुसायचंसुद्धा. गॅसवर सतत पातेलं असायचं, त्याच्या बुडाशी पांढरा थर साठायचा आणि तो खरवडताना माझा राग आणखी वाढायचा. विहिरीचं पाणी मात्र मी उकळलं नाही. उकळलं तर त्याची चव जाईल असं मला वाटलं. तिला जुलाब झाले की मी त्याच पाण्यात मीठसाखर घालून दर पाव तासानं चमच्यानं तिच्या तोंडात घालत राहिले. हे लिहिताना माझा हात थांबतो. पण असंच झालं.

सप्टेंबरमध्ये मी नगरपरिषदेत अर्ज दिला. प्रयोगशाळेतला कागद जोडला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून सेक्रेटरींना सगळ्यांसमोर बोलले, तुमच्या बोअरनं माझी मुलगी आजारी पडली, उद्या दुसऱ्या कुणाची पडेल. त्यांची बायको खाली मान घालून पदराचं टोक गुंडाळत बसली होती. घरी आल्यावर नवरा म्हणाला, एवढं बोलायला नको होतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अर्जावर कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आठवड्यात एक गृहस्थ आले. पाणी विभागात काम करणारे, निवृत्तीला टेकलेले, पायांत रबरी चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी हलकं पिवळं झालं. त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवली.

"क्लोरीन आहे, ताई. पाणी जड आहे, ते मान्य. साबण जास्त लागेल, भांड्यांवर डाग पडतील. पण जड म्हणजे घाण नव्हे. यानं जुलाब होत नाहीत."

मी माझ्या कागदातले आकडे सांगायला लागले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले. मग नळी धुऊन पिशवीत ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुलगी हेच पाणी पिते?"

"छे," मी म्हणाले. "पिण्याचं पाणी आमच्या गावच्या विहिरीचं असतं. दर आठवड्याला येतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पिशवीतून दोन लहान बाटल्या काढून त्यांनी ओट्यावर ठेवल्या. एकीत इथलं पाणी भरा, एकीत विहिरीचं, म्हणाले. खुणेपर्यंत भरून झाकण लावायचं आणि कपाटात उबेला ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. रंग बदलला नाही तर काळजी नाही. मग चप्पल घालून गेले.

मला त्यांचा राग आला. पण बाटल्या मी भरल्या. त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, एकीवर नळ, एकीवर विहीर, आणि मुलीच्या स्वेटरांच्या मागं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझ्या हातून दोन परीक्षानळ्या फुटल्या. संध्याकाळी घरी येऊन चप्पल न काढता कपाट उघडलं.

विहिरीची बाटली काळी पडली होती. शाई ओतल्यासारखी. नळाची बाटली जशी भरली तशीच होती.

मी चिठ्ठ्या बदलल्या असतील असं मला वाटलं. मी प्रयोगशाळेत अशा चुका करणाऱ्या मुलांना रोज ओरडते, म्हणजे माझ्याकडूनही होऊ शकते. त्या गृहस्थांच्या कार्यालयात जाऊन आणखी चार बाटल्या मागून आणल्या. दोन्ही कॅनमधलं पाणी वेगवेगळं भरलं. कॅनच घाण असतील असंही वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून रिक्षानं गावाला गेले. बाबा खाचरात होते, त्यांना कळूही न देता मागच्या बाजूनं विहिरीतून थेट पाणी काढून बाटलीत भरलं आणि चोरासारखी परत आले. ती बाटलीसुद्धा काळी पडली. सगळ्या पडल्या.

नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत असताना मी दोन्ही कॅन बाथरूममध्ये ओतून दिले. एवढं पाणी जायला बराच वेळ लागतो. मी तिथंच स्टुलावर बसून होते. माझ्या मुलीच्या तोंडात मी चमच्यानं काय घातलं हे तेव्हा मला नीट कळलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं मला दोष दिला नाही. एकच विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मी काय म्हणणार होते? तुम्ही खांद्यावर वाहून आणता त्या पाण्यानं तुमची नात आजारी पडली? शनिवार चार दिवसांवर होता. मला वाटलं, तोपर्यंत काहीतरी सुचेल. सुचलं नाही. मी घरातल्या घरात फेऱ्या घालायची, स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायची, मुलीच्या कपाळाला हात लावून बघायची.

शनिवारी ते आले. नेहमीसारखे घामाघूम, कॅन दाराशी ठेवून कोपरानं कपाळ पुसत. मी काही बोलायच्या आत मुलगी पेला घेऊन धावली. आजोबांनी कॅन तिरका करून पेला भरला आणि तिच्या हातात दिला. ती तोंडाला लावणार तेवढ्यात मी पुढं होऊन तो काढून घेतला. घेताना थोडा जोरातच घेतला. पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. ती गोंधळून माझ्याकडं पाहायला लागली.

बाबाही पाहत होते.

मग मला सांगावंच लागलं. कपाटातली काळी बाटली आणून त्यांच्यासमोर ठेवली. शिक्षकासारखं समजावून सांगितलं, काय भरलं, किती वेळा भरलं, रंग बदलला म्हणजे काय. माझा आवाज मलाच परका वाटत होता. त्यांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"आमच्या हिरीचं?"

"हो, बाबा."

माझ्या हातातला अर्धा भरलेला पेला त्यांनी घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. पेला ओट्यावर ठेवला. जेवायला थांबा म्हटलं तर भूक नाही म्हणाले. भरलेले कॅन परत खांद्यावर घेऊन ते जिना उतरले. मी गॅलरीतून पाहिलं. टेंपोला अजून दोन तास अवकाश होता, पण ते रस्त्याच्या कडेला कॅनवर बसून राहिले. मी खाली जायला हवं होतं. मी गेले नाही.

पुढचा शनिवार ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, पाऊस हाय. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाले, भात कापनीला आलंय. तिसऱ्या शनिवारी फोनच उचलला नाही. इकडं मुलगी हळूहळू सुधारत होती. उकळून गार केलेलं नळाचं पाणी पीत होती आणि खडूचं पाणी म्हणून तोंड वाकडं करत होती. तिचं वजन वाढत होतं आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. सेक्रेटरींच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ते म्हणाले, आईचा जीव असतो, मनावर घेऊ नका. त्यांच्या बायकोनं मात्र बरेच दिवस माझ्याकडं बघून हसणं टाळलं, आणि तिचं बरोबर होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला दिवसभर कुरतडत होती. विहीर बिघडली कशानं? आळीत गुरं आता फारशी राहिली नाहीत. वरच्या बाजूला कारखाना नाही, बंगला नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला फक्त एकच गोष्ट आहे. आमचा संडास.

तो माझ्यासाठी बांधलेला. मी बारावीत होते. तोवर आळीत कुणाकडंच नव्हता. पहाटे टेकडीकडं जायचं, पावसात छत्री घेऊन जायचं, पुरुष दिसले की उठून उभं राहायचं. कॉलेजात जायला लागल्यावर मला ते सहन होईना. मी हट्ट धरला, दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी पहार घेतली आणि घराच्या मागच्या दारापासून थोड्या अंतरावर स्वतः खड्डा खणला. आईनं दगड उचलून दिले. आळीतल्या बायका बघायला आल्या. मला किती अभिमान वाटला होता. खड्डा विहिरीपासून किती लांब आहे हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही, आणि बारावीला रसायनशास्त्रात माझे मार्क चांगले होते.

चौथ्या आठवड्यात, रविवारी, मी गावाला गेले. जाताना ग्रामपंचायतीत पाणी तपासणारी बाई आहे तिला बरोबर घेतलं. तिच्याकडं विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर होती आणि बाटल्याही. आम्ही आळीत पोचलो तेव्हा बाबा अंगणात पेंढ्या रचत होते. मला बघून ते थांबले नाहीत. शेजारची काकू, तिची सून, पलीकडच्या घरातले दोघं तिघं, असे सगळे विहिरीपाशी जमले. ग्रामपंचायतीच्या बाईनं सांगायला सुरुवात केली, की हे पाणी तपासात खराब निघालंय, काही दिवस नळयोजनेचं पाणी प्या. आळीत नळ आला आहे, पण तो गुरांना आणि धुण्याला. त्याच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तो पिण्याला कुणी वापरत नाही.

काकू उसळली. लहानपणी तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं आहे. "माजा जलम गेला या पान्यावर. आमी काय मेलो काय गं? शिकून तुमी शाने झाले नि हीर वाईट झाली व्हय?"

मी तिला बाटली दाखवायला गेले तर तिनं तोंड फिरवलं. दुसरे कुणी म्हणाले, पलीकडच्या आळीतल्या लोकांनी काहीतरी टाकलं असेल. कुणी म्हणालं, पावसाचं पाणी गढूळ असतंच, आपोआप निवळेल. बोलणं वाढत चाललं. ग्रामपंचायतीची बाई माझ्याकडं बघायला लागली. खड्ड्याचं मला सांगायचं होतं, पण बाबांसमोर, सगळ्यांसमोर, ते माझ्या तोंडून निघेना.

बाबा पेंढ्या टाकून कधी आले ते मला कळलं नाही. ते विहिरीच्या काठाला येऊन उभे राहिले. कंबरेवर हात, पायाला चिखल.

"कोनी काय टाकलं नाय," ते म्हणाले. "माज्या संडासाचा खड्डा हाय वरच्या अंगाला. तो फुटलाय. मी परवाच उकरून बघितला. हिरीकडचा दगड आत बसलाय. माज्यामुलं झालं हे."

काकूनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. बाबांनी एवढंच सांगितलं आणि पुन्हा पेंढ्यांकडं गेले.

सगळे पांगल्यावर काकूची सून मागच्या बाजूनं माझ्याकडं आली. सासूला दिसू नये म्हणून घाईघाईत बोलत होती. तिच्या तान्ह्या मुलीचं पोट पावसाळाभर बिघडलेलं होतं. बाळाला पाणी द्यायचं ते उकळून देऊ का, तिनं विचारलं. किती वेळ उकळू? मी तिला सांगितलं. उकळी फुटल्यावर आणखी थोडा वेळ ठेव, झाकून गार कर, हात घालू नको. ती ते शब्द पाठ केल्यासारखे पुटपुटत गेली. मला बारावीत मिळालेले सगळे मार्क आठवत होते आणि काही उपयोग नव्हता त्यांचा.

मी बाबांजवळ जाऊन पेंढ्या उचलायला लागले. बराच वेळ आम्ही तसंच काम केलं.

"मीच हट्ट धरला होता," मी शेवटी म्हणाले. "नाहीतर तुम्ही खणला नसता."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"संडास मागितला तू. जागा मी धरली. लांब खनायला पायजे होता, खाचराच्या पलीकडं. तवा मला कळत होतं थोडंफार. पन पावसात तुला तितक्या लांब जायला नको म्हनून जवल धरला."

मग ते म्हणाले, पोरीचं पोट आता कसं हाय. मी म्हटलं, बरं आहे. त्यांनी मान हलवली आणि पेंढी उचलली. जेवताना त्यांनी मला नळाचं पाणी तांब्यात भरून दिलं.

भात झोडून झाल्यावर त्यांनी जुना खड्डा उपसून बुजवला. नवा खड्डा खाचराच्या पलीकडं, उताराला, विहिरीच्या खालच्या अंगाला घेतला. या वेळी आळीतले दोघं मदतीला आले. नवरा दोन रविवार गेला, हाताला फोड आणून परत आला. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला, तेव्हा काकूसुद्धा घमेली उचलायला आली. माझ्याशी ती बोलली नाही, पण चहा तिच्याच घरून आला. मग पावडर टाकली. पहिल्या तपासणीत बाटली पुन्हा काळी पडली. दुसऱ्या वेळी राखाडी झाली. तिसऱ्या वेळी पाण्याचा रंग बदलला नाही. मी दोन दिवसांऐवजी चार दिवस वाट पाहिली. नाहीच बदलला.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं, ते त्या पाण्यामुळंच होतं का? ते म्हणाले, असण्याची शक्यता खूप आहे, पण आता खात्रीनं सांगता येणार नाही. मला खात्री हवी होती. ती नाही मिळाली. मुलगी आठ वर्षांची झाली, धडधाकट आहे, शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली. तिच्या पोटात जरा दुखलं तरी मी अजून हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाते, आणि ती वैतागते.

विहीर चांगली झाली आहे हे मी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, पुढच्या शनिवारी ते कॅन घेऊन दारात उभे राहतील. ते आले, पण रिकाम्या हातांनी. दारात आल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. एकदा मागं बांधले, मग खिशात घातले. मी पाणी दिलं. नळाचं, उकळलेलं, गार केलेलं. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"जड हाय," ते म्हणाले. आणि पेला संपवला.

आता ते दर शनिवारी येत नाहीत. पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं येतात. येताना कधी वालाच्या शेंगा आणतात, कधी नुसतेच. पाण्याचं ते बोलत नाहीत आणि पुन्हा आणा असं मीही म्हणत नाही. का म्हणत नाही, ते मला सांगता येणार नाही. तेव्हापासून बाटली तीनदा स्वच्छ निघाली आहे. डाळ अजून सात शिट्ट्या घेते. दर महिन्याला मी गावाला जाऊन विहिरीचं पाणी भरून आणते, कपाटात ठेवते, आणि ते दोन दिवस घरात कुठंही बसले तरी माझं लक्ष त्या कपाटाकडं असतं. कालच एक नवी बाटली ठेवली आहे. आज सकाळपासून तीन वेळा पाहून झालं.